रानाखालची माती

पावसाळ्याच्या अखेरीस दिल्लीतील एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरून पाहिले, तर शहराच्या मधोमध आणि दक्षिणेकडे एक हिरवा पट्टा पसरलेला दिसतो. गुजरातेत सुरू होऊन राजस्थान ओलांडून आलेली अरवली पर्वताची रांग येथे, यमुनेच्या काठाशी, संपते. तिच्या या शेवटच्या टेकड्यांना दिल्लीकर ‘रिज’ म्हणतात. १९९४ साली या टेकड्यांवरील सुमारे ७,७७७ हेक्टर क्षेत्र राखीव वन करण्याच्या हेतूने अधिसूचित झाले. नकाशावर हे सारे क्षेत्र एकाच हिरव्या रंगात दाखविले जाते. दुरून पाहणाऱ्यालाही ते एकच रान वाटते.

पायी हिंडणाऱ्याचा अनुभव मात्र वेगळा असतो. राष्ट्रपती भवनाच्या पाठीमागील मध्य रिजवर गेले, तर काटेरी, वाकड्यातिकड्या बुंध्याच्या एकाच जातीच्या झाडांनी सारी टेकडी व्यापलेली आढळते. तेथून दक्षिणेस, हरियाणाच्या फरीदाबाद जिल्ह्यातील मांगर गावाच्या दरीत उतरले, तर बारीक पानांच्या, झुकत्या फांद्यांच्या धौ वृक्षांचे दाट वन लागते. आणि पूर्वेकडे यमुनेच्या पात्रालगत गेले, तर वृक्ष विरळ होतात व उंच गवत, लव्हाळी आणि झाऊची झुडपे दिसू लागतात. ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात पाहून होतील इतकी जवळ आहेत. तिन्हींवर पडणारा पाऊस जवळजवळ सारखाच आहे. वर्षाकाठी साडेसातशे ते आठशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातील बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. मे महिन्यातील उन्हाची काहिली आणि जानेवारीतील थंडीही तीच.

मग वनस्पतींत इतका फरक का पडावा? याचे उत्तर दोन गोष्टींत शोधावे लागते. एक म्हणजे पायाखालची माती, आणि दुसरी म्हणजे त्या मातीवर माणसाने पिढ्यान्‌पिढ्या काय केले ती हकीकत. या दोहोंचा परिणाम झाडापर्यंत पोहोचविणारे जे दुवे आहेत, त्यांतील एक अत्यंत महत्त्वाचा दुवा म्हणजे नत्र, अर्थात नायट्रोजन. या प्रकरणात आपण त्याचाच मागोवा घेणार आहोत.

चार नावांच्या जमिनी

एकोणिसाव्या शतकात शेतसाऱ्याची आकारणी करताना दिल्ली जिल्ह्यातील जमिनींचे चार प्रकार मानले जात. त्यांची नावे शेतकऱ्यांच्याच बोलीतील होती: कोही, बांगर, डाबर आणि खादर. आजच्या मृदाशास्त्राची परिभाषा निराळी असली, तरी ही जुनी वर्गवारी अजूनही उपयोगी पडते.

कोही म्हणजे डोंगराळ जमीन. रिजचा खडक मुख्यतः क्वार्ट्‌झाइट या जातीचा आहे. शंभर कोटी वर्षांहून जुन्या वाळूच्या थरांवर प्रचंड दाब व उष्णता यांचा परिणाम होऊन तो तयार झाला. त्यात सिलिकाचे प्रमाण फार मोठे असते. असा खडक झिजला की त्याची भरड वाळू होते, चिकणमाती फारशी होत नाही. महाराष्ट्रातील वाचकाला येथे एक तुलना करता येईल. आपल्याकडे दख्खनचा बेसाल्ट झिजून काळी, ओलावा धरून ठेवणारी, चुना व मॅग्नेशियम यांनी संपन्न अशी जमीन तयार होते. क्वार्ट्‌झाइट झिजून झालेली जमीन मात्र उथळ, निचऱ्याची आणि पोषक द्रव्यांच्या बाबतीत दरिद्री असते.

बांगर म्हणजे नदीने फार पूर्वी आणून टाकलेला आणि आता पुराच्या पातळीच्या वर राहिलेला जुना गाळ. त्यात जागोजागी चुनखडीचे खडे, म्हणजे कंकर, सापडतात. कोठे कोठे या कंकराचा जमिनीखाली टणक थर झालेला असतो. खादर म्हणजे नदीकाठचा नवा गाळ. यमुनेच्या पुराबरोबर तो नव्याने भरला जातो. डाबर म्हणजे नजफगढच्या बाजूची सखल जमीन, जेथे पावसाचे पाणी दीर्घकाळ साचून राहत असे.

या चार जमिनींत मुख्य फरक तीन बाबतींत आहे. मातीची खोली किती, तिच्यात चिकणमातीचा अंश किती, आणि पाणी किती काळ टिकते. या तीन गोष्टी ठरल्या की मातीत नत्र किती साठेल व ते झाडांच्या हाती कसे लागेल, हेही बऱ्याच अंशी ठरून जाते. ते कसे, हे समजण्यासाठी नत्राच्या प्रवासाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

विपुलतेतील दुष्काळ

आपल्या सभोवतालच्या हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजन वायूचा आहे. एक हेक्टर जमिनीच्या डोक्यावर हवेचा जो स्तंभ उभा असतो, त्यात पाऊण लाख टनांहून अधिक नायट्रोजन असतो. तरीही त्या हेक्टरात उभे असलेले झाड नत्रावाचून खुरटलेले असू शकते. याचे कारण असे की, वायुरूप नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांशी इतके घट्ट बांधलेले असतात की वनस्पतींना ते अलग करता येत नाहीत. पाने हिरवी ठेवणारे हरितद्रव्य आणि सर्व सजीवांतील प्रथिने यांसाठी वनस्पतींना नत्र लागते, पण ते त्यांना मुळांवाटे अमोनियम वा नायट्रेटच्या रूपातच घेता येते.

ही गाठ सोडविण्याचे काम निसर्गात प्रामुख्याने काही सूक्ष्म जिवाणू करतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्‌रीगेल व विल्फार्थ यांनी १८८६ ते १८८८ या काळात हे दाखवून दिले की, शेंगावर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र बांधले जाते. १८८८ मध्येच हॉलंडच्या बायेरिंक यांनी त्या गाठींतील जिवाणू वेगळा काढला. शेतात कडधान्याचे पीक घेतल्यावर पुढचे धान्य चांगले येते, हा शेतकऱ्यांचा शतकानुशतकांचा अनुभव होता. त्यामागील कारण अशा रीतीने उलगडले.

एकदा जमिनीत आलेले नत्र पान, पाचोळा, माती व मूळ असे फिरत राहते. मातीतील नव्वद टक्क्यांहून अधिक नत्र कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यात, म्हणजे ह्यूमसमध्ये, बांधलेले असते. जिवाणू व बुरशी ते हळूहळू मोकळे करतात. चिकणमातीचे कण या ह्यूमसला धरून ठेवतात, आणि त्यामुळे अशा जमिनीची नत्राची शिल्लक मोठी असते. भरड वाळूत ही धारणशक्ती नसते. तेथे मोकळे झालेले नायट्रेट पहिल्या जोरदार पावसाबरोबर खाली वाहून जाते. उलट, पाणी साचणाऱ्या डाबरसारख्या जमिनीत हवा खेळत नाही. तेथे दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेटचे पुन्हा वायूत रूपांतर करतात, आणि नत्र जेथून आले तेथे परत जाते.

दिल्लीसारख्या कोरड्या प्रदेशात या व्यवहाराला ऋतूची लय असते. आठ-नऊ महिने माती सुकलेली असते आणि जिवाणू जवळजवळ झोपी गेलेले असतात. आषाढातील पहिल्या सरी पडल्या की ते एकदम जागे होतात, आणि साठलेल्या पाचोळ्यातून नत्राचा लोट काही दिवसांतच मोकळा होतो. ज्या वनस्पतीची मुळे त्या वेळी तयार असतात, तिला त्याचा वाटा मिळतो. जेथे मुळांचे जाळे नाही, तेथे ते नत्र वाहून जाते. म्हणूनच उघडी पडलेली टेकडी दर पावसाळ्यात थोडी अधिक गरीब होत जाते.

मांगरची देवराई

मांगर, बंधवारी आणि बालियावास या गावांच्या सीमांवर मांगर बनी आहे. ‘बनी’ म्हणजे आपल्याकडची देवराई. गुदरिया दास बाबा या सत्पुरुषाचे येथे स्थान आहे. येथील फांदी तोडणाऱ्याचे भले होत नाही, अशी आसपासच्या गुज्जर गावकऱ्यांची श्रद्धा आहे. भोवतालच्या टेकड्यांवर चराई झाली, सरपण तोडले गेले, खाणी निघाल्या. बनी मात्र या श्रद्धेच्या बळावर उभी राहिली.

बनीतील प्रमुख वृक्ष धौ, ज्याला वनस्पतिशास्त्रात ॲनोजिसस पेंड्युला या नावाने ओळखत आले आहेत. आपल्या सह्याद्रीतील धावड्याचा हा जवळचा नातलग. हॅरी चॅम्पियन व एस. के. सेठ यांनी १९६८ साली भारतातील वनप्रकारांची जी सुधारित वर्गवारी प्रसिद्ध केली, तीत धौच्या वनाला ‘मृदाजन्य’ वनांत स्थान दिलेले आहे. म्हणजे हे वन तेथे आहे ते केवळ हवामानामुळे नव्हे, तर विशिष्ट जमिनीमुळे. खडकाळ उतार, उथळ माती, अल्प पोषण, ही त्याची मिरास. धौ शेंगावर्गीय नाही. हवेतून नत्र मिळविण्याची सोय त्याच्यापाशी नाही. जे थोडे नत्र मातीत आहे, ते काटकसरीने वापरून आणि दरसालच्या पानगळीतून पुन्हा मातीला देऊन ही वनसृष्टी टिकते. हिवाळ्यात धौची पाने तांबूस होतात, मग गळतात, खडकांच्या फटींत साठतात आणि पुढील पावसाळ्यात कुजतात. शतकानुशतके चाललेल्या या देवघेवीतून खडकावर ह्यूमसचा पातळ थर तयार झाला आहे.

आता बनीच्या बाहेर, त्याच खडकाच्या, त्याच उताराच्या टेकडीकडे पाहावे. तेथेही धौ आढळतो, पण शेळ्यामेंढ्यांनी वारंवार खुडल्यामुळे तो जमिनीसरपट पसरलेल्या झुडपाच्या रूपात उरलेला असतो. येथे केवळ पाने खाल्ली गेली असे नव्हे. गुरे दिवसा टेकडीवर चरतात व रात्री गोठ्यात बांधली जातात. त्यांचे शेण गोळा होऊन गोवऱ्या थापल्या जातात व त्या चुलीत जळतात. अशा प्रकारे टेकडीवरचे नत्र दररोज थोडेथोडे गावात येते आणि धुरावाटे निघून जाते. झाड तुटत नाही, जमीन खणली जात नाही, तरीही डोंगराची शिल्लक आटत जाते. एकाच मातीवरील दोन निरनिराळ्या जमीन-वापरांचा परिणाम पाहायचा असेल, तर बनीच्या सीमेवर उभे राहणे पुरेसे आहे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. धौची बहुतेक बीजे वांझ असतात. त्याचा विस्तार मुख्यतः मुळांतून फुटणाऱ्या धुमाऱ्यांवाटे होतो. म्हणून मुळासकट उखडलेले धौचे रान सहजासहजी परत येत नाही. बनीच्या जमिनीची मालकी पुढे खाजगी हातांत गेली व तिच्याभोवती बांधकामांचा दबाव वाढला. नागरिकांच्या व गावकऱ्यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर २०१६ मध्ये हरियाणा सरकारने बनी व तिच्या भोवतालचा पट्टा बांधकामास वर्ज्य ठरविला.

वेडी बाभूळ आणि अतिरिक्त नत्र

मध्य रिजवरील त्या काटेरी झाडाकडे आता वळू. दिल्लीत त्याला ‘विलायती कीकर’ म्हणतात. महाराष्ट्रात तेच झाड ‘वेडी बाभूळ’ या नावाने सुपरिचित आहे. मूळचे ते मेक्सिको, मध्य अमेरिका व दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते भारतात आले. १९११ साली राजधानी दिल्लीला हलविण्याची घोषणा झाली. त्यानंतर नवे शहर उभारताना, त्याच्या पाठीमागील उजाड टेकड्या हिरव्या दिसाव्यात म्हणून त्यांवर वनीकरण करण्यात आले, आणि पुढे या झाडाने रिजचा फार मोठा भाग व्यापला.

ते का फोफावले, हे आता वाचकाच्या ध्यानात येईल. वेडी बाभूळ शेंगावर्गीय आहे. तिच्या मुळांवरील जिवाणू हवेतील नत्र बांधतात. चराईने व पावसाने नत्र गमावलेल्या टेकडीवर इतर झाडे उपाशी राहत असता ही मात्र स्वतःची शिदोरी घेऊन आली होती. तिची मुळे फार खोल जातात, पाने गुरांना रुचत नाहीत, आणि गोड शेंगा मात्र गुरे व नीलगाई आवडीने खातात. त्यामुळे बीजांचा प्रसार आपोआप होतो. माणसाच्या वापराने जी जमीन दरिद्री झाली, तीच तिला मानवली.

या झाडाने उपकारही केले आहेत, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. उत्तर भारतातील बांगर जमिनींत ठिकठिकाणी उसर, म्हणजे क्षारयुक्त ओसाड, पट्टे आहेत. १९६९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने कर्नाल येथे अशा जमिनींवर प्रयोग केले. कंकराचा टणक थर भेदून खोल भोक पाडावयाचे, त्यात जिप्सम व शेणखत मिसळलेली माती भरावयाची आणि वेड्या बाभळीचे रोप लावावयाचे, अशी ती पद्धत होती. काही वर्षांत तिच्या पाचोळ्यामुळे मातीचा क्षारपणा उतरला, सेंद्रिय द्रव्य व नत्र वाढले. जेथे काहीच उगवत नव्हते, तेथे हे वरदान ठरले.

पण तेच झाड रिजवर वेगळा परिणाम घडविते. तेथील मूळच्या वनस्पती कमी नत्रावर गुजराण करण्यास सरावलेल्या आहेत. मातीत नत्र वाढले की त्यांचे वैशिष्ट्य निरुपयोगी ठरते, आणि झपाट्याने वाढणाऱ्या, अधिक नत्राच्या हावऱ्या वनस्पतींना रान मोकळे मिळते. त्यात दाट सावली आणि पाल्यातून झिरपणारी, इतरांच्या बीजांना रुजू न देणारी द्रव्ये यांची भर पडते. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसमवेत २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात वेड्या बाभळीची तुलना तिच्याच कुळातील आपल्या शमीशी, म्हणजे खेजडीशी, केली आहे. भारतात वेड्या बाभळीखाली वनस्पतींच्या जाती उघड्या जागेपेक्षा कमी आढळल्या. शमीखाली तशी हानी दिसली नाही. राजस्थानातील शेतकरी शमी बांधावर जपून ठेवतात, तिच्याखाली बाजरी पेरतात. दोन्ही झाडे एकाच कुळातील असूनही शेजाऱ्याशी वागण्याची त्यांची रीत निराळी आहे.

अलीकडच्या वर्षांत दिल्लीत वेडी बाभूळ हळूहळू हटवून मूळचे वृक्ष परत आणण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी त्यासाठी सरसकट तोडीऐवजी झाडाच्या फांद्या छाटून छत उंच व विरळ करण्याचा आणि खाली उजेड येऊ देऊन तेथे मूळच्या जाती लावण्याचा मार्ग सुचविला. या सावधपणाला नत्राच्या दृष्टीनेही आधार आहे. झाड तोडले तरी त्याने मातीत सोडलेले नत्र लगेच जात नाही. एकदम उघड्या पडलेल्या, नत्राने भरलेल्या जमिनीवर धौ येण्यापूर्वी घाणेरी आणि गाजरगवत यांचेच राज्य होण्याचा धोका असतो.

जेथे मातीच उरली नाही

चराईने माती गरीब होते, खाणीने ती नाहीशी होते. दिल्लीच्या दक्षिण टोकाला भट्टी येथे ‘बदरपूर’ नावाची लालसर भरड वाळू अनेक वर्षे काढली जात असे. झिजलेल्या क्वार्ट्‌झाइटपासून झालेली ही वाळू बांधकामास उत्तम. दिल्लीतील असंख्य भिंतींच्या गिलाव्यात हीच टेकडी मिसळलेली आहे. असोला परिसर १९८६ मध्ये अभयारण्य झाला. भट्टीच्या खाणी बंद पडल्यावर १९९१ मध्ये तो भागही त्यात समाविष्ट झाला. हरियाणाच्या हद्दीतील अरवलीत खाणकामावर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. मागे उरले ते खोल खड्डे, निळसर पाण्याची तळी आणि उघडा खडक.

अशा जागी वनाचा प्रारंभ शून्यापासून करावा लागतो. क्वार्ट्‌झाइटमध्ये नत्र जवळजवळ नसतेच. फॉस्फरस वा पोटॅश खडकातून थोडेफार मिळू शकते, नत्र मात्र हवेतूनच यावे लागते. म्हणून पहिल्या पिढीत नत्र बांधणाऱ्या वनस्पती व काटक गवते यांचे महत्त्व मोठे. भट्टीत २००० सालापासून प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण तुकडीने वृक्षलागवड केली. गुडगावच्या सीमेवर, जुन्या खाणींच्या जागी, २०१० मध्ये नागरिकांच्या पुढाकाराने अरवली जैवविविधता उद्यान सुरू झाले. तेथे अरवलीतील मूळ वनांचा अभ्यास करून उतारावर धौ व सालई, अन्यत्र पळस, अशी ज्या त्या जागेला साजेशी लागवड करण्यात आली. संरक्षित वनक्षेत्राबाहेर राहूनही निसर्गरक्षण साधणारे भारतातील पहिले स्थळ म्हणून २०२२ मध्ये या उद्यानाची नोंद झाली.

असे प्रयोग यशस्वी होत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि दहा-पंधरा वर्षांचे झाड आणि दहा-पंधरा वर्षांची माती यांत भेद आहे. झाड तेवढ्या काळात उंच होते, पण माती नुकती कोठे जन्म घेत असते.

जमिनीची स्मरणशक्ती

जमीन झालेल्या गोष्टी किती काळ लक्षात ठेवते? यासंबंधी युरोपातील दोन उदाहरणे उद्बोधक आहेत.

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील प्रयोगक्षेत्रावर १८८० च्या दशकात दोन शेतांचे तुकडे मुद्दाम पडीक सोडण्यात आले. ब्रॉडबाक येथील तुकड्यात १८८२ चे गव्हाचे पीक न कापता तसेच राहू दिले. गीस्क्रॉफ्ट येथे शेवटचे पीक १८८५ च्या सुमाराचे. दोन्ही ठिकाणी पुढे वन वाढले आणि मातीत सेंद्रिय द्रव्य व नत्र साठत गेले. परंतु ब्रॉडबाकच्या जमिनीत पूर्वी भरपूर चुना घातलेला होता, गीस्क्रॉफ्टच्या जमिनीत तेवढा नव्हता. परिणामी गीस्क्रॉफ्टची माती शंभर वर्षांत तीव्र आम्लधर्मी झाली. तेथे ओकचे प्राबल्य झाले आणि झाडांखालची वनस्पती फार थोडी उरली. ब्रॉडबाकमध्ये निराळेच मिश्र वन उभे राहिले. हवामान एक, सोडून देण्याचा काळ एक, पण मातीचे पूर्वचरित्र वेगळे, म्हणून वनही वेगळे.

दुसरे उदाहरण फ्रान्समधील लॉरेन प्रांताचे. तेथील एका वनात रोमन काळातील शेतवस्तीचे अवशेष आहेत. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी ती शेती सोडली गेली व त्यावर वन वाढले. फ्रेंच संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले की, जेथे रोमन शेतकऱ्यांनी जमीन अधिक कसली व खतावली होती, तेथील मातीत आजही अधिक नत्र उपलब्ध आहे आणि तेथे वाढणाऱ्या वनस्पतीही वेगळ्या आहेत. साम्राज्य लयास गेले, भाषा बदलली, गावाचे नाव विसरले गेले. शेणखताची आठवण मात्र जमिनीने जपून ठेवली.

दिल्लीही जुनी नगरी आहे. मेहरौली व तुघलकाबाद यांच्या परिसरातील टेकड्यांवर शतकानुशतके वस्त्या झाल्या व मोडल्या, गुरे चरली, दगड निघाले. आज तेथे जे रान दिसते, त्याच्या प्रत्येक तुकड्याखाली अशी काही ना काही नोंद असणारच.

आकाशातून पडणारे नत्र

आजच्या काळाने या हकीकतीत एक नवे पान जोडले आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हवेतील नत्रापासून कृत्रिम रीतीने अमोनिया बनविण्याची युक्ती साधली, आणि १९१३ मध्ये जर्मनीत त्याचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. त्यातून मिळालेल्या खतांनी जगाची अन्नाची गरज मोठ्या प्रमाणात भागविली. परंतु शेतात घातलेल्या युरियातून बराच अमोनिया हवेत उडून जातो. उपग्रहांवरून केलेल्या निरीक्षणांत सिंधु-गंगेचे मैदान हे जगातील सर्वाधिक अमोनियाच्या प्रदेशांपैकी एक असल्याचे दिसते. मोटारी व विद्युत्‌केंद्रे यांतून नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात. हे सारे धुळीबरोबर व पावसाबरोबर खाली येते, आणि रिजच्या पानांवर व मातीवर कोणी न मागता खत पडत राहते.

मांगर बनीपासून जवळच, बंधवारी येथे, जुन्या खाणीच्या जागी गुडगाव व फरीदाबाद या शहरांचा कचरा टाकला जात आला आहे. कचऱ्याच्या ढिगातून झिरपणाऱ्या पाण्यात अमोनियाच्या रूपातील नत्र मोठ्या प्रमाणात असते. खडकाच्या भेगांतून ते कोठवर जाईल, हा काळजीचा विषय आहे. जास्तीचे नायट्रेट भूजलात उतरले की त्याचा फटका माणसालाही बसतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा आपल्याकडे लिटरला ४५ मिलिग्रॅम इतकी ठरविलेली आहे. गरिबीवर जगायला शिकलेल्या वनाला अशी अकस्मात श्रीमंती मानवेलच असे नाही. हळूहळू तेथील काटक रहिवासी मागे हटतात आणि उकिरड्यावर वाढणाऱ्या वनस्पतींचा शिरकाव होतो.

वनाच्या बदल्यात वन?

या साऱ्या विवेचनाचा व्यवहाराशी संबंध काय, असा प्रश्न वाचक विचारील. तो योग्यच आहे.

रस्ता, वसाहत वा संस्था यांसाठी वनातील झाडे तोडावी लागली, तर त्याच्या बदल्यात अन्यत्र रोपे लावली जातात. एका झाडाच्या मोबदल्यात दहा रोपे, असा हिशेब ऐकून आपल्याला बरे वाटते. २०२४ मध्ये दक्षिण रिजवरील सतबरी गावाजवळ रस्ता रुंद करण्यासाठी सुमारे अकराशे झाडे विनापरवाना तोडली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि पुन्हा वृक्षलागवडीचाच विषय पुढे आला. लागवड व्हायलाच हवी. पण आपण आतापर्यंत जे पाहिले त्यावरून या हिशेबातील उणीव स्पष्ट होते. कोही जमिनीवरील धौच्या बदल्यात खादरच्या गाळात लावलेले रोप कदाचित अधिक जोमाने वाढेल, परंतु ते वन निराळे असेल. टेकडीवर पाऊस मुरविण्याचे, खडकावर माती धरून ठेवण्याचे आणि थोड्या नत्रावर अनेक जातींना जगविण्याचे काम ते करू शकणार नाही. तसेच, यमुनेच्या पूरमैदानातील गवताळ जमीन ‘रिकामी’ समजून तिच्यावर दाट झाडी लादणे, हेही त्या जमिनीचा स्वभाव न ओळखण्याचेच लक्षण होय.

म्हणून कोणत्याही जागी झाड लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ही माती कोणत्या जातीची आहे? तिच्यावर यापूर्वी काय काय झाले? आणि तिच्यात नत्र कमी आहे की अधिक? उघड्या खाणीला नत्र बांधणाऱ्या वनस्पतींची गरज असते. वेड्या बाभळीने व्यापलेल्या टेकडीला आणखी नत्राची गरज नसते. चराईने थकलेल्या धौच्या उताराला तर पुष्कळदा लागवडीचीही गरज नसते. काही वर्षे विसावा मिळाला, तर जमिनीलगत दबून राहिलेली ती झुडपे आपोआप माना वर काढतात.

मांगरच्या गावकऱ्यांना नायट्रोजनचे चक्र ठाऊक नव्हते. त्यांनी एवढेच ठरविले होते की या दरीतून काही बाहेर न्यायचे नाही, पडलेले पान तेथेच कुजू द्यायचे. मृदाशास्त्राने मोजमाप करून जो निष्कर्ष काढला, तो या नियमाहून फारसा वेगळा नाही. आज बनीच्या सीमेवर शहर येऊन ठेपले आहे. सीमेच्या आत आणि बाहेर खडक एकच आहे, पाऊस एकच आहे. आतील मातीचा तो बोटभर थर तेवढा बाहेर नाही, आणि तो एकदा गेला तर कोणत्याही रोपवाटिकेतून आणता येणार नाही.